सूनबाईच्या आरशाची उंची

ता. १२ एप्रिल ७४
प्रकाशचं पत्र नागपूरहून. बुद्ध पौर्णिमेला सूनबाईला घेऊन येतो, चार दिवस राहू. खाली रेघ ओढून लिहिलंय, "संडासाची खोली झाली असेल तरच. नाहीतर मी एकटाच येईन."
डिसेंबरात, लग्न झाल्यावर, दोनच दिवस राहिली होती. पाणीच पीत नव्हती. बायांसोबत डबा घेऊन वावराकडे जावं लागू नये म्हणून. मी समजलो, पोर लाजरी आहे. तिसऱ्या दिवशी ओट्यावर चक्कर येऊन पडली. तिचे वडील जीप घेऊन आले, नेलं. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं होतं.
आता आली नाही तर पुढे कधीच नाही. मग प्रकाशही हळूहळू...

ता. १३
पत्रात एक रंगीत कागद होता, इंग्रजी मासिकातला. टीचभर खोली, आरसा, फुलं, भिंती गुळगुळीत. प्र.ने बाजूला लिहिलंय, "याला पावडर रूम म्हणतात. इतकी नको, पण अशी टापटीप." माझी चौथी झालेली. तीनदा वाचलं. आपल्याकडे पावडर म्हणजे कपाशीवर मारायची.

ता. १५
मालेगावहून शेख मिस्त्री आला. चित्र उलटंसुलटं पाहिलं. "बाबा, येवढ्या झकपक खोलीत गेला माणूस तं बाहीरच नाही येनार." हसला. मला हसू आलं नाही.
जागा एकच, चुलीमागचा कोपरा. चार फूट बाय पाच. तिथे जळणाच्या पऱ्हाट्या रचलेल्या. प्रकाशची आई भडकली. "सैपाकाच्या मांगं संडास? अन् जळतन कुठं ठेवू, तुमच्या डोक्स्यावर?"
संध्याकाळी स्वतःच पऱ्हाट्या उचलायला लागली.

ता. २१
खड्डा झाला. आता सीट कोणीकडे तोंड करून बसवायची यावर सकाळ गेली. मिस्त्री म्हणे, "पश्चिमेले तोंड नाही, पाठ बी नाही. माह्या हातून होनार नाही, बाबा." तिकडे त्यांचा काबा. त्याचा धर्म, मी काय बोलणार. मग उत्तर-दक्षिण. तशी बसवली तर दार अंगणाकडेच येतं. ते आत उघडलं तर गुडघ्याला लागतं, म्हणून बाहेर उघडणारं करायचं. ठीक आहे म्हणालो. ठीक आहे का, माहीत नाही.

ता. २४
पांढऱ्या फरशा कमरेपर्यंतच पुरल्या. वर चुना, त्यात थोडी नीळ. छपरात एक काचेचं कौल बसवलं, तेवढा उजेड पडतो. पावडरीच्या डब्यासाठी कोनाडा. नळ नाही, म्हणून पत्र्याच्या पिंपाला तोटी लावून घेतली, खाली चिनी मातीचं बेसिन. तोटी सोडली की पाणी पडतं. पाच-सहा वेळा सोडून पाहिली. प्रकाशच्या आईनं पाहिलं. "विहिरीनं तळ गाठला अन् तुमी खेळून राह्यले."

ता. २७
आरसा आणला. मिस्त्रीनं खिळा हातात धरून विचारलं, "सून कितीक उंच हाय?"
सांगता येईना. लग्नात पदर पाहिला, पाय पाहिले. सासऱ्यानं वर पाहायचं नसतं, मी पाहिलं नाही. प्रकाशच्या आईला विचारलं. "माह्या कानावरी." मग म्हणे, "नाही बा, थोडी वर. तिचा आंबाडा धरू का नको?" मिस्त्री खिळा घेऊन उभाच.
शेवटी तीन उंचींवर तीन खिळे ठोकून घेतले. हवा तिथं टांगेल. मिस्त्री म्हणे असं काम त्यानं कुठं केलं नाही.

ता. ३ मे
खोली झाली. दारासमोर बाजेवर बसून पाहत होतो. मनाला बरं वाटलं. तेवढ्यात प्रकाशची आई धुणं वाळत घालता घालता म्हणाली, "येथीच बसान का तुमी, ते आली तरी?"
"मंग कुठं बसू?"
"ते आली होती तवाही तुमी दिवसभर अंगनातच बसून होते. तुमच्या म्होरून डबा घेऊन जाईन काय ते? मंग पानी कायले पेईन?"
वावर लांब म्हणून नव्हे. बायांसोबत म्हणूनही नव्हे. मी...
चार महिने हे हिला माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही. कोण सांगणार.

ता. ४
बाज गोठ्यामागे नेली. तिथूनही दार दिसतं. पौर्णिमेपासून चारही दिवस गावातल्या बुद्धविहारातच बसायचं. जेवायला तेवढं यायचं, तेही हाक आली की. प्रकाशच्या आईला सांगितलं. तिनं भाकर वाढली.

ता. ६, पौर्णिमा
दहाच्या एसटीनं दोघं आली. पाया पडली तेव्हा मी जमिनीकडेच पाहिलं. वंदनेनंतर सगळे घरी गेले, मी विहारात थांबलो.
दुपारी चष्मा घरी राहिल्याचं लक्षात आलं. वाटलं, जेवून सगळे निजले असतील. अंगणात पाय टाकला आणि नव्या दाराची कडी वाजली. दार वीतभर उघडलं. बांगड्या दिसल्या. पुन्हा मिटलं. आतून कडी.
घरात शिरताना सासरा खाकरतो. मी नेहमी खाकरतो. आजच राहिलं. तिथं उभ्या उभ्या खाकरावं तर तिला कळणार मी अजून तिथंच आहे. तसाच मागे फिरलो. चष्मा नाही आणला.
आता विहारात. ओळी वाकड्या येताहेत. ऊन उतरत आलं. ती बाहेर आली असेल. नक्की आली असेल. प्रकाशला हाक मारून विचारावं तर काय विचारू. जेवायला हाक येईल तेव्हा फाटकापासूनच खाकरत जावं, की आज भूक नाही म्हणावं?
अजून तीन दिवस आहेत.