कोरी प्लेट

३ मार्च

पोचलो. उतरताना मुंगीने ड्रायव्हरला बजावलं, आता आम्ही इथेच राहणार, परत न्यायला येऊ नकोस. तो म्हणाला, बरं बाईसाहेब.

घर संस्थेच्या आवारातच आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पत्र्याखाली कपडे वाळत घालायची जागा. खिडकीतून प्रयोगशाळेची लांब, बैठी इमारत दिसते आणि तिच्या पलीकडे कर्मचाऱ्यांच्या मुलांचं पाळणाघर. ताई इथली संचालक, पण दारात उभी होती ती निव्वळ मोठी बहीण म्हणून. मला म्हणाली, किती वाळलीस ग. मग मुंगीला, मावशीला ओळखलंस का. मुंगी म्हणाली, फोनमध्ये तू लहान दिसतेस. ताई इतकी हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला.

मुंगी पाच वर्षांची आहे. तिचा बाबा टायफॉइडने गेला तेव्हा तीनची होती. तेव्हापासून ती सासूबाईंकडे, मी नोकरीच्या गावी भाड्याच्या खोलीत. महिन्याकाठी भेट. त्या घरात स्वयंपाकघर सासूबाईंचं, पोरगीही त्यांचीच झालेली. मला आई म्हणते, पण जेवायला माझ्याजवळ बसत नाही. ताईनेच शेवटी फोन केला, पुरे झालं हे, लेकीला घेऊन माझ्याकडे ये. नोकरीही तिनेच दिली.

मला फार काही नको आहे. मुंगीने माझ्या हातून जेवावं.

५ मार्च

कामाला लागले. अन्नातले रोगजंतू शोधायचं काम: दूध, अंडी, पालेभाज्या. माझ्याकडे कापलेली फळं आली आहेत. त्यांच्यातला टायफॉइडचा जंतू लवकर ओळखता येईल अशी पद्धत बसवायची.

जंतू वाढवायला माध्यम लागतं. ते शिजवून प्लेटांमध्ये ओतणाऱ्या गृहस्थांना सगळे आचारी म्हणतात. त्यांनी स्वतःच सांगितलं, माझ्या हातचं एकाही जंतूने आजवर पानात टाकलेलं नाही. घरी मात्र बायको गॅसजवळ फिरकू देत नाही. टायफॉइडच्या प्लेटा त्यांनी मला कौतुकाने दाखवल्या. करड्या-हिरव्या माध्यमावर काळ्या वसाहती, कडेला धातूसारखी चमक. देखण्या असतात.

रुजू होताना माझीही तपासणी झाली. इथे प्रत्येकाची होते. ताईने काचेपलीकडून अंगठा वर करून दाखवला.

पाळणाघरात मुलांना टोचणी होती. नवीन-जुन्या सगळ्यांना. मुंगी रडली नाही, फक्त विचारलं की मावशीला का नाही. कसली टोचणी हे मी विचारलं नाही. ताई शेजारी उभी होती.

१२ मार्च

ताई मला स्वयंपाक करू देत नाही. दोन्ही वेळचे डबे तिच्याकडून येतात. मी म्हटलं, मी काय पाहुणी आहे का. म्हणाली, थोडे दिवस लाड करून घे, मग रांध हवं तेवढं. मुंगीला डब्यातलं आवडतं. चमच्याने जेवते. माझ्याकडे पाठ करून.

२१ मार्च

ताईने आज किराणा भरून दिला आणि म्हणाली, आता घे हातात. लेकीला तुझ्या हाताची सवय लाव.

मऊ भात केला, दूध घातलं, कालवला. मुंगी आधी लांब बसली. मग जवळ सरकली. मी घास पुढे केला तर तिने आधी वास घेतला, मांजरासारखा. मग खाल्ला. मग तोंड उघडून थांबली, दुसऱ्यासाठी.

ताईला फोन करून सांगितलं. किती घास खाल्ले, तिने विचारलं. मग म्हणाली, छान झालं.

२९ मार्च

मुंगी आता चमच्याला हात लावत नाही. चमचा टोचतो म्हणते.

पाळणाघरातल्या बाईंना मधल्या वेळच्या खाण्याला मदत हवी होती. ताईने माझं नाव सुचवलं. सकाळी कामावर जाण्याआधी मी फळं चिरून ठेवते. पुढचे दोन दात पडलेला एक मुलगा रोज दारातच उभा असतो आणि विचारतो, आज मऊ कुठलं आहे. त्याच्यासाठी केळं वेगळं ठेवते.

एक गोष्ट पटली नाही. तिथला फ्रिज दुरुस्तीला नेला आहे, आणि चिरलेली फळं दुपारपर्यंत उघड्या टेबलावर राहतात. मी ताईला म्हटलं, आपणच असं करायचं का. म्हणाली, नवीन फ्रिज येतोय, एवढी जंतुशास्त्रज्ञ होऊ नकोस घरात.

आचारींना चहा करून नेला. घेतला, आभार मानले, खिडकीत ठेवला. संध्याकाळी तिथेच होता, साय धरलेला. त्यांनी आपला मुलगाही पाळणाघरातून काढला आहे. आजी सांभाळते म्हणे.

९ एप्रिल

पाळणाघरात ताप. आधी दोघं, आज आणखी काही. चढत जाणारा ताप, पोट दुखतं. दात पडलेला मुलगा कालपासून आला नाही.

मुंगी ठणठणीत आहे. तीनदा कपाळ पाहिलं. ती म्हणाली, आई, मी गरम नाही, तुझा हात गार आहे.

१२ एप्रिल

टायफॉइडच. रक्तात सापडला. ताई बाहेरगावी परिषदेला गेली आहे. फोनवर म्हणाली, उगम तूच शोध, तुझ्यावर विश्वास आहे.

टाकी, नळ, दूध, दूधवाला, फळवाल्याची पाटी, सुरी, पाट. सगळीकडून नमुने घेतले. पाळणाघराच्या बाई मला बघून रडायला लागल्या. म्हणाल्या, माझं तर काही नाही ना हो त्यात, मी आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं सांभाळली. त्यांचीही तपासणी केली. काही नाही. कुठेच काही नाही. फक्त चिरून उरलेल्या फळांत आहे.

सुरीच्या आधी नाही. सुरीनंतर आहे.

१५ एप्रिल

मुलांच्या शौचाचे नमुने लावताना शेजारी एक कोरी प्लेट लावावी लागते. निरोगी माणसाचा नमुना. तिच्यावर काही उगवायचं नाही. म्हणजे बाकीच्यांवर विश्वास ठेवता येतो. नेहमी आचारी स्वतःचा देतात. परवा ते रजेवर होते. मी माझा लावला.

आज सकाळी इन्क्युबेटर उघडला. कोरी प्लेट काळी होती. काठाला चमक.

अदलाबदल झाली असणार. पुन्हा लावली.

मुंगीला आज चमच्याने भरवलं. हातमोजे घालून. तिला वाटलं खेळ आहे.

१७ एप्रिल

पुन्हा काळी.

जनुकीय ठसे जुळवले. मुलांचा जंतू आणि माझा. पट्ट्यांवर पट्ट्या बसतात. एकच.

माझ्या पित्ताशयात राहतो. मला कधी काही झालं नाही. नवऱ्याच्या आजारपणात मला नुसती कणकण होती. तेव्हा ताई धावत आली होती, दोघांचे नमुने स्वतः घेऊन गेली होती. तू तुझं बघ, तपासणीचं मी बघते, म्हणाली होती.

रुजू होतानाची तपासणी. काचेपलीकडचा अंगठा.

मुंगी जेवत नाही. चमचा नको म्हणते. विचारते, मी काय केलं.

१८ एप्रिल

ताई आली. तिच्या घरी गेले. चहा गाळत होती, गाळत राहिली.

नाकारलं नाही. तिला तेव्हापासून माहीत आहे. मला का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, औषध घेऊन मोकळी झाली असतीस.

मोकळी.

तिने बनवलेली टायफॉइडची लस आहे. त्या टोचणीत निम्म्या मुलांना लस होती, निम्म्यांना खारट पाणी. पंधरा दिवस लस चढू द्यायची, तोवर माझा हात लागू द्यायचा नाही. म्हणून डबे. मग किराणा. मग फळं. फ्रिज तिनेच उचलून नेला. बाटलीतला जंतू मुलांना द्यायला जगात कुणी परवानगी देणार नाही, म्हणाली. तुझ्या हातून गेला तर तो नुसता संसार असतो.

मी म्हटलं, मी हात धुते, ताई. साबणाने धुते. म्हणाली, माणसं समजतात तितके हात कुणीच धूत नाही ग. तूही नाही. मी बघितलंय.

मुंगीला लस की पाणी, ताईला विचारलं.

तिला माहीत नाही. कुणालाच नाही. वाटणी संगणकाने केली आहे, शेवटपर्यंत झाकलेली राहते. भाचीला वगळलं असतं तर अभ्यास खोटा झाला असता, म्हणाली. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. खरंच भरून आले. त्याची मला सर्वांत जास्त भीती वाटली.

१९ एप्रिल

सकाळी दाराला बाहेरून कुलूप. जंतूचा वाहक सापडल्यामुळे विलगीकरण. आदेश खरा आहे. तिच्या जागी मीही असाच काढला असता.

मुंगीही आत. संपर्कातली आहे म्हणून.

२० एप्रिल

मुलं दाखल आहेत त्या रुग्णालयाच्या डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, तुमच्या ताईंनी कालच कळवलं की तुम्हाला हा धक्का सहन होत नाहीये. अशा वेळी जवळच्यांवर राग निघतो. दार उघडू नका, बाकीच्या मुलांचा विचार करा.

मी तोच करते आहे. म्हणून दार आपटत नाही.

सासूबाईंना फोन केला. मुंगीला घेऊन जा म्हटलं. ताईने त्यांनाही आधीच सांगितलं होतं. म्हणाल्या, माझ्या मुलाला कुणाच्या हातचं बाधलं, ते विचार आधी बहिणीला.

विचारलं नाही.

२२ एप्रिल

दाराशी खोकं येतं. आचारी ठेवून जातात. दाराआडून विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना. खोकं खाली ठेवलं. मग म्हणाले, मला लहान पोर आहे हो वहिनी. जसं काही मला नाही.

खोक्यात बंद पाकिटं नाहीत. तांदूळ, दूध, सबंध फळं, सुरी.

दुसरं कुणी रांधायला नाही. ताईला कळतं.

हातांना स्पिरिट चोळते. सालटं निघाली आहेत. मुंगीला केळं स्वतः सोलायला शिकवलं. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तिने सोललं. अर्धं मोडून माझ्याकडे धरलं, ये ना म्हणाली. गेले नाही.

२३ एप्रिल

दात पडलेला मुलगा गेला. आतडं फुटलं. पाळणाघराच्या बाई खिडकीखाली येऊन सांगून गेल्या. नजर वर केली नाही. एवढंच म्हणाल्या, तुम्ही तर शिकलेल्या होतात.

केळं मीच वेगळं ठेवत होते.

२४ एप्रिल

मुंगी आज खेळली नाही. फरशीवर पडून राहिली. फरशी छान आहे म्हणते.

हात लावला नाही. थर्मामीटर सरकवला. तिने उलटा धरला. सरळ कर म्हटलं —

ताप आहे.

म्हणजे पाणी. किंवा लस चालत नाही. किंवा नुसता सर्दीचा ताप. मुलांना ताप येतात —

ताईला फोन. औषध पाठव. म्हणाली, बघते.

बघते.

२५ एप्रिल

जास्त. पोट दुखतं म्हणते. मला कुशीत घे म्हणते. मी —

घेतलं. अंगभर चादर गुंडाळून. हात चादरीबाहेर, लांब धरलेले. तिने विचारलं, आई, तुझे हात कुठे गेले.

२६ एप्रिल

ताई आली आहे. पांढरा झगा, हातमोजे, फक्त डोळे दिसतात. कुलूप काढलं. म्हणते, मुंगीला दवाखान्यात नेते, औषध आजच सुरू करते. तू येऊ शकत नाहीस. तुला कळतंय ते.

कळतंय.

विचारलं, आधी औषध, की आधी तुझे रक्ताचे नमुने. ताप किती चढतो ते बघणार तू. म्हणाली, काय समजतेस ग मला. सख्खी भाची आहे.

डोळे भरलेले.

थोडं थांब म्हटलं. लिहिते आहे, कारण हाताला काहीतरी धरायला हवं. मुंगीला धरता येत नाही.

इथे ठेवली तर माझे हात. दिली तर ताईचे.

डॉक्टर नाही. सासूबाई नाहीत. कुणी —

मुंगी उठली आहे. चपला घालते, उलट्या पायांत. भिंत धरून दारापर्यंत गेली. ताईने हात पुढे केला आहे. मुंगीने अजून धरलेला नाही. मागे वळून बघते आहे.

विचारते, आई, जाऊ का.

मी तिला म्ह—