ब्याण्णव पॉइंट आठ की पंच्याण्णव पॉइंट पाच

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. मळ्यातलं शेड, लोणखेडा.

गाडी उघडली. मेकॅनिक मगनभाई म्हणे, फक्त बेअरिंग वाजतंय, ते बदल अन् गाडी चालाड, चार दिनमा व्हई जाई. मगनभाई हाताने चांगला आहे, पण जन्म ट्रॅक्टरमध्ये गेला, त्यामुळे नजर चार दिवसांपुढे जात नाही. मी म्हणालो, इंजिन उघडलंच आहे तर आता स्ट्रोकर क्रँकच टाकू. मगनभाई हात पुसून चहाला गेला तो आलाच नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

मुद्दे स्वतःसाठी लिहून ठेवतो, नंतर गोंधळ नको.

क्रँक म्हणजे पिस्टनला वरखाली करणारा वाकडातिकडा दांडा. स्ट्रोकर म्हणजे त्याचं कोपर जास्त लांब. पिस्टन जास्त अंतर जातो, इंजिन न बदलता इंजिन मोठं होतं. माझा कंपनीचा क्रँक ८६.४ मिलिमीटरचा, म्हणून गाडी १८०० सीसी. ९२.८ चा टाकला तर एकोणीसशेच्या वर. ९५.५ चा टाकला तर दोन हजाराला टेकतो. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, लवकर जागा होतो. चारशे हॉर्सपॉवर सहज.

म्हणजे प्रश्न एकच राहिला, ९२.८ की ९५.५. उद्यापर्यंत ठरेल.

९ फेब्रुवारी, रविवार

बहीण मोहिनीचा फोन, सासरहून, कोरीटहून. औंदा तू येशी ना लेवाले, एवढंच विचारलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, पण न्यायला मुराळी आला तरच. वडील होते तोवर तेच जायचे, दरवर्षी न चुकता. ते गेल्यावर दोन आखाज्या झाल्या. पहिल्या वर्षी मी निघणार तोच टर्बोचा पाइप फुटला. दुसऱ्या वर्षी क्लच. मोहिनी एकटी बसने आली नाही. सासरी तसं चालत नाही, आणि चाललं असतं तरी ती आली नसती, तिचा स्वभाव मला माहीत आहे. दोन्ही वर्षी सासू म्हणाली म्हणे, बाप गया ते माहेर बी गयं.

मी तिला सांगितलं, यंदा तुझा भाऊ चारशे हॉर्सपॉवरने येणार. ती म्हणाली, तू ये फक्त. तिला टेक्निकल समजत नाही.

आखाजी ३० एप्रिलला. ऐंशी दिवस आहेत. भरपूर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

टर्बोवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलं. अकरा मेंबर. तिघे म्हणाले ९५.५, चौघे म्हणाले ९२.८, एकाने गुड मॉर्निंगचा फोटो टाकला. कोइमतूरचे एक सर आहेत, इंजिनं बांधतात, त्यांनी मोठा मेसेज पाठवला. लांब क्रँक म्हणजे पिस्टनचा वेग जास्त, सात हजार आरपीएमला सेकंदाला बावीस मीटर. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड तिरका होतो, सिलिंडरची भिंत घासते. रॉडचे बोल्ट ब्लॉकला, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्याला, लागतात का बघा. रॉड अडकतो ती पिस्टनची पिन किती उंचावर आहे ते तर सगळ्यात आधी बघा. आणि गाडी कशासाठी हवी आहे ते ठरवा, मग क्रँक ठरवा.

पिनचं नंतर बघू. गाडी कशासाठी हवी, हा काय प्रश्न झाला.

मगनभाईने तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला. चारशे हॉर्सपॉवर घेऊन प्रकाशा गावाच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे काय करशी. सगळ्यांना उत्तरं देत बसलो तर काम कधी करायचं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

९५.५ नक्की.

रात्री जेवताना बायकोला, सरलाला, सांगितलं. ती म्हणाली, केळीला पाणी देऊन झालं का. दिलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

९५.५ नको. रॉड फार तिरका होतो, भिंत घासेल. ९२.८ नक्की.

आता फक्त धातू ठरवायचा. साधा ओतीव नको, टर्बोच्या जोरात मोडतो. घडवलेला, म्हणजे फोर्ज्ड, बरा. पण सबंध गजातून कोरून काढलेला बिलेट त्याहून मजबूत. घाई नको. घाईत घेतलेल्या क्रँकचा पुढे पश्चात्ताप होतो, असं सगळेच म्हणतात.

१२ मार्च, बुधवार

आठ दिवस हात लागला नाही. जालमसिंग होळीला धडगावकडे त्याच्या पाड्यावर गेलाय. आठ वर्षं मळ्यावर आहे, ब्लॉक उलटायचा तर दुसरा हात त्याचाच लागतो. जाताना विचारून गेला, भाऊ, ही गाडी फिरेल कधी. मी त्याला बिलेट आणि फोर्ज्डमधला फरक समजावून सांगितला. शांतपणे ऐकलं आणि मोटरसायकलला किक मारली.

पुस्तकी अभ्यास चालू आहे. तोही कामच आहे.

१६ मार्च, रविवार

निर्णय झाला. ९२.८, फोर्ज्ड.

सरलाने फोन माझ्या हातातून घेतला आणि विकणाऱ्याला एकच विचारलं, आखाजीआधी कोणता पोचेल. तो म्हणाला, ९२.८ फोर्ज्ड तयार आहे, बाकी सगळे दीड महिन्याने. ती म्हणाली, मग तोच. तसं माझं तांत्रिक कारणांनी हेच ठरत आलं होतं. योगायोगाने मत जुळलं.

अंगातलं ओझं उतरलं. सहा आठवडे हातात. पुढचं काम म्हणजे फक्त नट आवळणं.

३० मार्च, रविवार. पाडवा.

क्रँक आला, तोही पाडव्याला. वीस किलोचा, जाड चिकट ग्रीस फासलेला. नवी वस्तू पूजेशिवाय कशी लावणार. आपल्याकडे विळा आणला तरी त्याला कुंकू लावतात, हा तर थेट परदेशातून आलाय. पण ग्रीसवर कुंकू टिकेना, स्वस्तिक ओघळून जायचं. मग पेट्रोलने सगळं ग्रीस धुतलं, स्वच्छ पुसलं. आरशासारखा निघाला. हळद, कुंकू, अक्षता, नारळाचं पाणी शिंपडलं. गोणपाटावर निजवला. ऊन फार, बेचाळीस डिग्री, लोखंड तापून माप वाढू नये म्हणून वरून ओलं गोणपाट पांघरलं. केळीच्या घडांची काळजी घेतो तशी घेतली.

सरला म्हणाली, छान दिसतोय, आता बसवा.

पाडव्याला स्वच्छतेचं काम झालं. उद्यापासून बसवणी.

४ एप्रिल, शुक्रवार

बसवणी सोमवारपासून. जुने पिस्टन चांगले निघालेत, तेच वापरायचे. एक मोठा निर्णय वाचला.

११ एप्रिल, शुक्रवार

मगनभाईला बोलावलं. गोणपाट उचललं आणि तो जमिनीवर बसला. क्रँकच्या गुळगुळीत भागांवर, जिथे बेअरिंग बसतं, तिथे गंजाचे लाल ठिपके. तेल जायच्या भोकांत कुंकू आणि दोन अक्षता. मगनभाई म्हणे, ग्रीस कोनी धुयं. मी म्हणालो, पूजेसाठी. तो म्हणे, भाऊ, ते ग्रीसच त्याची पूजा व्हती.

ओलं गोणपाट कोणी सुचवलं हे आता आठवत नाही. सरलाला विचारलं, तिला तर अजिबात आठवत नाही.

क्रँक धुळ्याला, लेथवर पॉलिशला. आठ दिवस. एकोणीस दिवस हातात आहेत, म्हणजे हिशोबाने अकरा दिवस जास्तच.

१५ एप्रिल, मंगळवार

मोहिनीचा फोन. उचलला नाही. चांगली बातमी असली की करू.

सरला म्हणाली, सरळ बसने जा, वडील पण बसनेच जायचे. मी म्हणालो, वडिलांकडे गाडी नव्हती. ती म्हणाली, तुमच्याकडे बी नही शे. त्यावर तिला बरंच समजावता आलं असतं, पण थकवा आला होता.

२१ एप्रिल, सोमवार

क्रँक आला. चकाचक. यावेळी पूजा नाही. मनातल्या मनात नमस्कार केला.

२६ एप्रिल, शनिवार

क्रँक बसला. जालमसिंगने ब्लॉक धरला, मगनभाईने आवळलं, मी सूचना दिल्या. पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये किती जागा राहते ते बघायला पिस्टनच्या डोक्यावर मऊ माती लावतात. मऊ माती नव्हती. घरून कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ मळून आणलं. सरलाने विचारलं, किती भाकरींचं. चार म्हणालो, चार सिलिंडर.

त्रेचाळीस डिग्रीत पीठ लगेच सुकलं आणि तडकलं. माप निघालं नाही. उद्या सकाळी, थंडाव्यात.

आज मनाने मी कोरीटच्या रस्त्यावर आहे.

२७ एप्रिल, रविवार

पीठ लागलंच नाही. मगनभाईने क्रँक हाताने फिरवला आणि पिस्टन वर येऊन ब्लॉकच्या बाहेर निघाला. मोजलं, ३.२ मिलिमीटर. कोपर लांब, म्हणजे पिस्टन जितका खाली जास्त जातो तितकाच वरही जास्त येतो. हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, बसवून किल्ली मारली असती तर पहिल्याच फेरीत पिस्टन हेडला धडकला असता. या क्रँकला पिन वर असलेले वेगळे पिस्टन लागतात. कोइमतूरच्या सरांनी सगळ्यात आधी बघा म्हणून सांगितलेलं तेच.

मगनभाईने ओरडावं असं वाटत होतं. तो आखाजीनंतर बघू म्हणाला आणि घरी गेला, त्याची पण लेक आली आहे.

खरं सांगायचं तर वाईट वाटलं.

२८ एप्रिल, सोमवार

नवा प्लॅन. जुना ८६.४ परत बसवायचा. नवे बेअरिंग टाकायचे. जोर लावला तर एका दिवसात होतं. मगनभाई म्हणालाच होता, चार दिवस, आणि तो सावकाश काम करतो.

सरलाचे चार मिस्ड कॉल. उचलले नाहीत. रागावलेल्या माणसाशी बोललं की नट कमीजास्त आवळला जातो.

आज घरी गेलो नाही. इथेच खाटेवर.

२९ एप्रिल, मंगळवार

सरलाने सकाळीच जालमसिंगला अर्धा दिवस मागून घेतलं, कशासाठी ते सांगितलं नाही. सणाचा बाजार असेल. नेमका आज ब्लॉक उलटायचा होता. एकट्याने प्रयत्न केला, पाठ धरली.

तो दुपारी तीनला आला. इस्त्रीचा शर्ट, खांद्यावर नवा टॉवेल. भाऊ, संध्याकाळी घरी चला, एवढंच दोनदा म्हणाला. मी म्हणालो, आधी ब्लॉक उलट. दोघांनी मिळून उलटला. त्या टॉवेलने हात पुसायला मागितला तर त्याने घडी करून बाजूला ठेवला.

घरून डबा आला, त्यात सांजोऱ्या होत्या. सरला उगाच आदल्या दिवशी एवढं करत नाही. असेल काही.

क्रँक बसला. तेलाचा पंप उरला. हेडही.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी. सकाळी सात.

गाडी होणार नाही.

लिहायला बरं वाटत नाही, पण होणार नाही. आंघोळ केली, मळ्यात होता तोच शर्ट घातला, शहाद्याहून नंदुरबारची बस पकडतो. मोहिनीला फोन करत नाही, दारात उभा राहिलो की कळेलच. घरी वडिलांच्या नावाची आखाजीची घागर भरून ठेवली असेल सरलाने. ती भरताना मोहिनी पाहिजे, हे मला आधीच कळायला पाहिजे होतं. संध्याकाळपर्यंत तिला घेऊन पोचतो. उशीर झाला तरी चालेल, आखाजी अख्खा दिवस असते.

दुपारी पावणेदोन. कोरीट, मोहिनीच्या ओट्यावर.

दाराला कडी. घरचे सगळे कुणाकडे जेवायला गेलेत. शेजारची सून दारात आली. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली, मला तिने कधी पाहिलेलं नाही. म्हणाली, मोहिनीबाई त्या ते कालच ग्यात. त्यासना भाऊ उना व्हता लेवाले, फटफटीवर. मग मला बसायला लावून सगळं सांगितलं. सकाळी आठ वाजताच आला होता, सासूच्या पाया पडला, पुरणपोळी पोटभर खाल्ली, सासूने त्याला नवा टॉवेल दिला. मोहिनीबाई आत जाऊन रडल्या. सासू म्हणाली, तीन सालमा पहिल्यांदा कोणी उनं. भाऊ असावा ते असा, शब्दाला जागणारा.

मोहिनीला भाऊ एकच आहे.

मग तिने विचारलं, तुम्ही कोण. मी सांगायला तोंड उघडलं, पण भाऊ तर कालच येऊन गेला होता. मेकॅनिक, असं म्हणालो. तिने आतून तांब्याभर पाणी आणून दिलं.