मला धाडलंत, त्याला ठेवलंत

गुरुजी, शाळा सुटली आहे. माझ्या जोडीच्या शिक्षिका, आमच्या मॅडम, एस.टी. पकडायला फाट्यावर गेल्या आणि मी तुमच्याच जागेवर बसून हे लिहितो आहे. जागा तुमची, खुर्ची तेवढी नवी. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळे माझी बदली आपल्या गावच्या शाळेवर झालेली तुम्ही पाहिली नाहीत. आता इथला गुरुजी मी. माझी मुलगी इथेच दुसरीत आहे. वर्गात मला गुरुजी म्हणते आणि घरी पप्पा, आणि आजवर एकदाही तिची गल्लत झालेली नाही. गल्लत माझी झाली आहे. बायकोचं म्हणणं, तिसरीपासून मुलीला नंदुरबारच्या इंग्रजी शाळेत घालायचं आणि त्यासाठी आम्ही सगळ्यांनीच, आईसकट, तिथे राहायला जायचं. दोन घरं पाहून झाली आहेत. शनिवारी त्यातल्या एकाला हो म्हणायचं आहे. लोकांच्या पोरांना ‘नीट विचार करून उत्तर लिहा’ असं रोज सांगणारा मी, महिनाभर विचार करतोय आणि पाटी कोरीच आहे.

बायकोचं चुकतं असं म्हणायला मला तोंड नाही. तिच्या बहिणीची मुलगी धुळ्याला शिकते, दिवाळीत आली की इंग्रजीत भांडते. आमची तिच्यासमोर दाराआड उभी राहते. मी म्हणालो, भाषा काय, शिकेल हळूहळू, पाया पक्का आहे तिचा. मग शाळेचं सांगायला लागलो: पट आधीच कसाबसा टिकून आहे, गुरुजीचीच पोरगी गेली तर लोक काय म्हणतील, पट घसरला तर मॅडमची जागा जाईल, मग एकच मास्तर चार वर्ग घेऊन बसेल. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुमले शाळा वाचाडनी शे का पोर?” आणि लोक काय म्हणतील ते कळायलाही फार दिवस लागले नाहीत. आम्ही घर शोधतोय ही बातमी माझ्याआधी गावात पोहोचली होती. पपईचा बाग असलेला आमचा एक पालक पारावर भेटला, तो अगदी साधेपणाने म्हणाला, “गुरुजी, तुमनी पोर जठे जाई तठे मन्ही बी जाई. गाडी एकच करी लेऊत.” त्याच्या मागे आणखी दोघं मान डोलावत होते. म्हणजे एक नाव कमी होणार नाही, चार होतील. तुमच्या काळी शाळा भरून वाहत होती, तुम्हाला हे असलं गणित कधी मांडावं लागलं नसेल असं मला वाटायचं. तेही आता खात्रीने वाटत नाही.

कारण मला तो दिवस आठवतो. मी चौथी पास झालो होतो. तुम्ही संध्याकाळी आमच्या अंगणात आलात, खाटेवर न बसता ओट्यावर टेकलात आणि माझ्या वडिलांना म्हणालात की याला इथे ठेवू नका, नंदुरबारच्या हायस्कुलात घाला, मी दाखला आजच लिहून आणला आहे. दाखला खरंच तुमच्या सदऱ्याच्या खिशात होता. आपल्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग होते तेव्हा. तुमचा मुलगा माझ्याच बाकावर बसायचा, माझ्याहून गणितात दोन बोटं पुढेच होता, आणि त्याचा दाखला तुम्ही लिहिला नव्हता. तो इथेच सातवीपर्यंत शिकला, मग शेजारच्या गावच्या शाळेत सायकलने गेला. दहा वर्षांच्या मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला एवढंच कळलं की मला घराबाहेर काढताहेत. त्या रात्री मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला तुमच्या घरी बोलावून चुलीपुढे बसवलं, कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला आणि तुमच्या मुलाला माझ्या शेजारी बसवलं. आम्ही दोघांनी एका ताटात खाल्लं. तुम्ही दारातून पाहिलंत आणि आत आला नाहीत.

खोली शोधायला तुम्ही आमच्यासोबत आला होतात, ते आठवतं का? तुम्हाला वाटलं होतं, शाळेच्या फाटकासमोर एखादी खोली घ्यायची आणि दुपारच्या गाडीने परत यायचं. वडिलांनी पिशवीतून दोन रिकाम्या बाटल्या काढल्या. ज्या घरी खोली बघायची, तिथल्या नळाचं पाणी भरून घ्यायचं, गावी आणायचं, आईने त्यात तुरीची डाळ शिजवायची; शिजली तर खोली घ्यायची. आमच्याकडे मुलगी सासरी देतानासुद्धा आधी त्या गावच्या पाण्याची चौकशी व्हायची. तुम्ही भर रस्त्यात वैतागलात. “भाऊ, आपन शाळा देखाले उनूत का डाय शिजाडाले?” वर्गात शुद्ध बोलणारे तुम्ही चिडलात की सरळ अहिराणीत यायचात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं आणि फार बरं वाटलं. वडील शांतपणे बाटलीचं बूच लावत म्हणाले, “पोटमा गयं ते डोकामा जाई.” शाळेसमोरच्या खोलीतलं पाणी खारं निघालं, डाळीचे कण तसेच राहिले. म्हणून रेल्वेच्या पलीकडची खोली ठरली. सहा वर्षं मी रोज रूळ ओलांडून शाळेत गेलो. उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटायचं, तेव्हा मी वडिलांनाही शिव्या घालायचो आणि तुम्हालाही. आज वाटतं, तुम्ही दोघंही आपापल्या परीने बरोबर होतात, आणि असं वाटल्याने मला काडीचाही उपयोग होत नाही.

आता माझी घरं ऐका. पहिलं शाळेपासून चालत पाच मिनिटांवर, वरचा मजला, खिडक्या मोठ्या. पण थोड्याच अंतरावर मिरची वाळत घालायच्या पथाऱ्या. आम्ही गेलो तेव्हा हंगाम सरत आला होता, तरी वारा फिरला आणि दलालासकट आम्ही चौघं एकामागून एक शिंकलो. दलाल डोळे पुसत म्हणाला, हंगामापुरतंच असतं हो, सवय होते. दुसरं घर गावाबाहेर, नव्या वसाहतीत. हवा स्वच्छ, अंगणात आईला बसायला जागा, पण मुलीला शाळेच्या गाडीने तासभर सगळ्या नंदुरबारचा फेरा मारून जावं लागणार. मग गाव सोडून शाळेजवळ आलो कशाला? बायकोला पहिलं आवडलं, मुलीला दुसरं, कारण शेजारी झोका आहे. आई दोन्ही ठिकाणी आलीच नाही. तिने फक्त विचारलं, “पानी कसं शे? डाय शिजस का तठे?” मी हसलो आणि दुसऱ्या खेपेला निमूटपणे दोन बाटल्या भरून आणल्या. ज्याला हसायचं, करायचं तेच, ही आमच्या घरातली जुनी रीत.

आईने कुकर घेऊ दिला नाही. म्हणाली, “कुकरमा ते गोटा बी शिजस.” तिने तीन पातेली मांडली: दोन त्या घरांच्या पाण्याची आणि तिसरं आपल्या नळाच्या पाण्याचं, ताडून बघायला. आम्ही सगळे स्वयंपाकघरात उभे होतो, जणू निकाल लागणार होता. तासाभराने दोन पातेल्यांतली डाळ लोण्यासारखी गळली आणि उरलेल्या एकातले कण पाण्यावर फिरत राहिले. मी विचारलं, कोणत्या घराची ही? आई पळी धूत होती. “हाई आपलीच शे,” ती म्हणाली. गावाची नवी बोअर लागल्यापासून पाणी खारं झालंय. “दोन वरीस व्हयनात, मी चिमटीभर सोडा टाकस. तुले कोठे समजनं?” मला खरंच कळलं नव्हतं. दोन वर्षं मी रोज ती डाळ खाऊन शाळेत येत होतो आणि आपल्या गावच्या पाण्याची चव कुठेच नाही असं पाहुण्यांना सांगत होतो. मी तेव्हापासून आपल्या शाळेतही जरा वेगळ्या नजरेने बघतो, आणि ते मला आवडत नाही. फळ्यावरची अक्षरं तीच, पोरं तीच, माझा घसाही तोच. पण मी इथे कुठे कुठे चिमटीभर काय टाकत आलोय, असं मनात येतं. परीक्षेच्या आधी प्रश्न पुन्हापुन्हा गिरवून घेतो, अधिकारी आले की हुशार तिघांनाच उभं करतो. त्या तिघांत माझी मुलगी असते.

तुम्ही मला एकदाच रागावलात, मोठा झाल्यावर. नोकरीला लागून वर्ष झालं होतं, तेव्हा मी म्हसावदकडच्या एका शाळेवर होतो आणि नंदुरबारहून अपडाउन करायचो. तुम्ही आजारी होतात, मी भेटायला आलो आणि सारखा घड्याळाकडे बघत होतो. तुम्ही म्हणालात, “मास्तर गावात पाहुणा असला, की पोरंही शाळेत पाहुण्यासारखीच येतात.” मला ते झोंबलं. लगेच बदललो वगैरे काही नाही, आणखी तीन-चार वर्षं गाड्या पकडल्याच. पण आपल्या गावी बदली मिळाल्यावर मी इथेच राहिलो, सकाळी सगळ्यांआधी कुलूप उघडतो, कोण आलं नाही ते बघायला घरी जातो. हे सगळं तुमच्या त्या एका वाक्यामुळे. आता शनिवारी घर ठरलं की मी पुन्हा अपडाउनवाला होणार. फाट्यावर मॅडमच्या शेजारी उभा राहणार. त्या मला हसणार नाहीत, पण सरकून जागा देतील, आणि मला तेच नको आहे.

तुम्हाला विचारता येत नाही म्हणून गेल्या आठवड्यात तुमच्या मुलाकडे गेलो. फाट्यावर त्याचं मोटारी भरायचं, म्हणजे वाइंडिंगचं, दुकान आहे. जळालेली पंपाची मोटार अख्ख्या शिवारात त्याच्यासारखी कोणी भरत नाही. तो तांब्याची तार गुंडाळत होता. मी आडून आडून विषयाकडे आलो आणि शेवटी विचारलंच, “तुले राग येस का रे? माले धाडं नि तुले आठेच ठेवं.” तो मान वर न करता हसला. “माले वाटे, तू त्यासना लाडका व्हता, म्हनीसन तुले धाडं.” मी म्हणालो, मला तर इतकी वर्षं वाटत होतं, तू लाडका म्हणून तुला जवळ ठेवलं. आम्ही दोघंही चाळीस-एकेचाळीसचे, हसलो. मग त्याने तारेचे वेढे मोजले, टोक कापलं आणि तुमच्याबद्दल म्हणाला, “नानासनी एकदाव सांगं, तुले धाडं ते गाव बी जाई.” त्याने तारेचं दुसरं टोक उचललं. “पन माले बी नंदुरबार देखनं व्हतं.” एवढंच. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी ठरवून उठलो असतो.

तिथून चालत आलो तेव्हा मला कळलं असं वाटलं. शेतकऱ्याचा पोरगा गेला तर कोणी मागे जात नाही, मास्तरचा गेला की गाव उठतं. म्हणून मी जाऊ शकलो. माझ्या जाण्याने तुमचं काही बिघडणार नव्हतं, आणि त्याच्या राहण्यावर शाळा उभी होती. हे समजल्यावर बरं वाटायला हवं होतं. मला वाईट वाटलं, गुरुजी, आणि तुमचा रागही आला. आता माझी मुलगी तुमच्या मुलाच्या बाकावर बसली आहे, आणि तिला पाठवायचं म्हटलं की माझी मान खाली जाते, ठेवायचं म्हटलं की त्याचं ते शेवटचं वाक्य ऐकू येतं. तुम्हाला रात्री झोप लागायची का? काकूंनी तुम्हाला काही विचारलं का? त्या दिवशी आम्ही एका ताटात जेवत होतो आणि तुम्ही दारातूनच परत गेलात, ते मला आज जास्त दिसतं.

हे पत्र तुमच्या मुलाला वाचायला द्यावं, असं सुरुवातीला मनात होतं. आता नाही देणार. काल मुलीला घेऊन नंदुरबारच्या त्या शाळेत गेलो होतो, नाव नोंदवायला. घर ठरो न ठरो, जागा भरून जातील म्हणून बायकोने पाठवलं. फॉर्म भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ इथवर आलो आणि पेन थांबलं. मागे रांग होती. मी ‘शेती’ असं लिहिलं. चार एकर आहे, अगदीच खोटं नाही. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म हातात घेतला, चष्मा वर केला आणि कौतुकाने म्हणाल्या, “शेतकरी आहात, पण अक्षर किती सुरेख आहे हो तुमचं.” मी म्हणालो, “आमच्या गावात एक गुरुजी होते.” मुलगी माझं बोट धरून उभी होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि घरी येईपर्यंत मला ना गुरुजी म्हणाली, ना पप्पा.