दोन्ही कानांत अत्तर

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून मितभाषी. निर्णय पक्का.
येत्या रविवारी बेलापूरचे पाहुणे येताहेत. आमच्या देवश्रीने मुलगा स्वतःच ठरवलाय. रविराज नाव, तिच्याच ऑफिसात. आता त्याचे आईवडील आम्हाला बघणार. देवश्री म्हणाली, बाबा, या वेळी प्लीज कमी बोला, संगमनेरचे लोक तुमच्यामुळे उठून गेले. हे तिचं मत. मी त्यांना नगरच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास सांगत होतो (तेहतीस वर्षं त्याच खात्यात काढली, माहिती आहे म्हणून सांगतो) आणि ते पोह्यांना हात न लावता उठले, कारण त्यांना बस गाठायची होती. कारने आले होते. पण बसही असू शकते.
मुळात मी अबोल माणूस. फार कमी लोकांना ठाऊक आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार
मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. फर्स्ट इम्प्रेशन सात सेकंदांत होतं. मोठी माणसं उत्तर देण्याआधी मनात पाच आकडे मोजतात. लगेच सराव. दूधवाल्या मच्छिंद्रने विचारलं, एक लिटर का दीड? मी मोजायला लागलो. तो दीड ओतून गेला.
कमी बोलण्याचे फायदे बायकोला, शोभाला, समजावून सांगितले. पाऊण तास लागला.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ९.४०
पांढरा झब्बा. हिना अत्तर. फाया एकाच कानात ठेवतात, पण इम्प्रेशन भक्कम हवं म्हणून दोन्ही कानांत ठेवला. कापूस जरा जास्त झालाय. असू दे.

दुपारी ३.००
मुलाचे वडील काकासाहेब. ऊस, पेरूची बाग, आवाज खणखणीत. त्यांनी विचारलं, रिटायर कधी झालात? मी मोजायला लागलो. तीनवर होतो तेव्हा त्यांनी जरा मोठ्याने पुन्हा विचारलं. नवा प्रश्न, म्हणून पुन्हा एकपासून. मग ते खुर्ची सरकवून जवळ आले, कानातला कापूस पाहिला, दुसऱ्या कानातलाही पाहिला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बायकोला म्हणाले, सविता, कानाचं दुखनं हाय यांना. लई दिवसांचं असंल.
खुलासा करणार होतो. पण मी तेव्हा चारवर होतो.
तेवढ्यात देवश्री म्हणाली, हो काका, थोडा त्रास आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार
पसंती आली! काकासाहेब फोनवर म्हणाले म्हणे, मानूस लई शांत, पोरगी चांगल्या घरची हाय.
मी म्हटलं, आता खरं सांगून टाकू. देवश्रीचे डोळे भरले. म्हणाली, आता सांगितलं तर त्यांना वाटेल आपण त्यांची चेष्टा केली. जमलेलं मोडेल, बाबा. फक्त तीस तारखेच्या साखरपुड्यापर्यंत ओढा.
कबूल केलं. वीस दिवस म्हणजे काहीच नाही. अभिनय माझ्या अंगातच आहे. चौथीत असताना गॅदरिंगला झाड झालो होतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
काकासाहेब आणि सविताबाई पेरूंची पाटी घेऊन आले. माझ्यामुळे घरात सगळेच ओरडून बोलतात. गंमत म्हणजे, मला ऐकू येत नाही म्हणून माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलतात, आणि तेही ओरडूनच. सवयीचा परिणाम. स्वतःविषयी नवीन माहिती मिळाली:
मी भजन बेसूर म्हणतो.
देवश्रीच्या शाळेत प्रमुख पाहुण्यांचं भाषण मी प्रेक्षकांत उभं राहून दुरुस्त केलं होतं, तेव्हा ती बाथरूममध्ये जाऊन रडली होती.
शोभाला तिच्या माहेरचा कोणताही किस्सा शेवटपर्यंत सांगू दिलेला नाही. (आज तिने दोन सांगितले. बरे होते.)
प्रत्येक आरोपाला माझ्याकडे उत्तर होतं. पेरू खात बसलो. सविताबाई म्हणाल्या, गरीब हायेत बिचारे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
संकट. काकासाहेबांनी सोमवारी कानाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर लावलाय. स्वतः गाडी घेऊन येणार. देवश्रीने दोन दिवस धड जेवण केलेलं नाही.
योजना: डॉक्टरांना एकांतात गाठणे, विश्वासात घेणे. पाच मिनिटांचं काम.

२४ नोव्हेंबर, सोमवार
एकांत मिळाला नाही. काकासाहेब माझा हात धरून थेट आत आले.
मला बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले. आवाज आला की बटण दाबायचं. मी ठरवलं, दोन दाबायची, तीन सोडायची, म्हणजे रिपोर्ट बेताचा येईल. तयारीत बसलो. मशीन सुरू व्हायची वाट बघत राहिलो. मग डॉक्टरांनी दार उघडलं आणि म्हणाले, झाली टेस्ट.
डावा कान निम्म्याहून जास्त गेलाय. उजवाही त्याच वाटेवर. बरीच वर्षं झाली असावीत. समोरच्याचं नीट ऐकू येत नाही म्हणून अशी माणसं पुष्कळदा स्वतःच बोलत राहतात, असंही डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी मोठ्याने सांगितलं.
काकासाहेब म्हणाले, मी पैल्याच दिशी वळखलं हुतं.
घरी शोभाला विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, आठ वर्षांपासून सांगतेय.
म्हणजे आम्ही पाहुण्यांना फसवलं नाही. देवश्री सुटल्यासारखी हसली आणि पोटभर जेवली. मलाही आनंद व्हायला हवा होता.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.१५
आज साखरपुडा. कानाचं मशीन काल मिळालं, आज लावलं.
स्वयंपाकघरात जाऊन शोभाला विचारलं, फेटा लाल बांधू की केशरी? आणि पुढचं बोलायला तोंड उघडलं, कारण ती उत्तर देत नाही अशी माझी समजूत. एकोणतीस वर्षं मी तिची सगळ्यांशी ओळख करून देतो ती अशीच: आमची ही फारशी बोलत नाही.
ती ओट्याकडे तोंड करून पोळी लाटत होती. वळली नाही. हळूच म्हणाली, केशरी बांधा, लालमध्ये आजारी दिसता. मग पोळी उलटत तितक्याच हळू म्हणाली, पोरगी गेल्यावर मी या घरात कोणाशी बोलू हो? मला फार भीती वाटते.
सहज म्हणाली. रोज म्हणत असावी तशी.
उघडलेलं तोंड मिटलं. माझा आवाज का थांबला म्हणून तिने वळून पाहिलं, कानाकडे नजर गेली, आणि अगदी हळू विचारलं, मशीन चालू आहे का?
बंद आहे, असं मी चटकन सांगून टाकलं.