बिनविरोध नको

६ सप्टेंबर
दात घासताना फोन बघायचा नाही, हा निश्चय उद्यापासून. आज बघितला. लॉ कॉलेजच्या ग्रुपवर कुमुदिनीचा फोटो: काळा झगा, मागे अमेरिकेचा झेंडा. तिच्या काउंटीत ट्रायल कोर्टाचे जज लोक मतं देऊन निवडतात. एक टर्म झाली, नोव्हेंबरात बाईसाहेब पुन्हा उभ्या. निवडून यायच्या आधीच अभिनंदनांचा पूर. मीही अंगठा दिला. बाकी मला काही वाटलं नाही. मूट कोर्टच्या, म्हणजे कॉलेजातल्या लुटुपुटूच्या खटल्यांच्या, फायनलला हिला मी हरवलं होतं, ते मात्र कुणाला आठवत नाही. (तिला ताप होता, असं ती म्हणते.) चहा कडू लागला.

८ सप्टेंबर
शेजारच्या डच येरूनला विचारलं, तुमच्याकडे जजची निवडणूक कधी असते. तो हसतच सुटला. म्हणाला, आम्ही मेयरसुद्धा निवडून देत नाही. हा देश कर्तबगार माणसासाठी नाहीच. नाहीतर मी ॲमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या ऑफिसात लोकांची कॉन्ट्रॅक्ट्स तपासत बसलो असतो का?

१४ सप्टेंबर
मार्ग सापडला. आपल्या मराठी मंडळाच्या घटनेत तंटा समिती आहे. काम: सभासदांच्या भांडणांचा निवाडा. म्हणजे ट्रायल कोर्टच की! अध्यक्षपद कित्येक वर्षं रिकामं. सेक्रेटरी मैत्रीला फोन केला. ती म्हणाली, घ्या की दादा, कुणालाच नकोय, बिनविरोध झालात समजा. तेजल म्हणाली, बरं होईल, घरातले निवाडे तरी कमी होतील. बायकोचा भक्कम पाठिंबा.
कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं: मीही यंदा नेदरलँड्समध्ये न्यायिक पदासाठी उभा आहे.

१६ सप्टेंबर
कुमुदिनीने विचारलंय, वा, समोर कोण आहे? दिवसभर कामात लक्ष नाही. बिनविरोध म्हणजे काय, जे पद कुत्रंही हुंगत नाही ते. तिच्यासमोर मागच्या वेळी तगडा वकील होता, तरी चोपन्न टक्के घेतले. मलाही टक्के हवेत. म्हणजे समोर कुणीतरी हवा. पडेल असा.

२१ सप्टेंबर
मंडळातला सतीश नाही म्हणाला. श्रीनिवासने फोन उचलला नाही. शेवटी नीउ-व्हेनेप गावचा गुरुनाथ. आयटीतला, गरीब गाय. मंडळाच्या ऑनलाइन मीटिंगमध्येही कॅमेरा बंद ठेवतो. घरी जाऊन गाठला. म्हणाला, सर, मला कायद्यातलं काही कळत नाही. म्हटलं, म्हणूनच तर. लोकशाहीसाठी उभं राहायचं. दोन कप चहात हो म्हणाला.
मैत्रीला सांगितलं, हात वर करणं वगैरे चालणार नाही, गुप्त मतदान हवं. ती म्हणाली, चिठ्ठ्या कोण कापणार? म्हटलं, मी.

५ ऑक्टोबर
कुमुदिनीकडे म्हणे लोक अंगणात तिच्या नावाच्या पाट्या लावतात. मीही पुढच्या खिडकीत माझ्या नावाची मोठी पाटी लावली. दुपारपर्यंत तीन डच जोडपी बेल वाजवून विचारून गेली, घर केवढ्याला देणार. इथे खिडकीत पाटी म्हणजे घर विकायचंय. येरून दुखावला. म्हणाला, जाताय तर निदान सांगायचंत. आर्या डचमध्ये काहीतरी पुटपुटली आणि पाटी काढून टाकली. पोटची पोर, पण बापाच्या करिअरची कदर नाही.

१२ ऑक्टोबर
घरोघरी प्रचार. नुसती मतं मागणं आपल्याला जमत नाही, आपण कामाचा नमुना दाखवतो. उइटहॉर्न गावात विलासरावांना स्पष्ट सांगितलं, गणपतीत ढोल फुटला त्यात चूक तुमची. मग दुसरी पार्टी सतीश. त्याला सांगितलं, चूक तुझीही. पूर्ण निःपक्षपाती. दोघांनीही चहा विचारला नाही. माणसं विचारात पडली की अशी गप्प होतात. उइटहॉर्नची मतं पक्की.

२६ ऑक्टोबर
गुरुनाथचा फोन. जय भीम सर, म्हणाला, भाषणाला काही सुचत नाही. मीच लिहून दिलं, मुद्दाम पडेल: मला कायदा कळत नाही. मला बोलताही येत नाही. मी दोघांचं ऐकून घेईन. मग दोघांना एका ताटावर जेवायला बसवीन. त्याला फारच आवडलं. बिचारा.
माझं भाषण घरी म्हणून दाखवलं. घटना, रोमन कायदा, मूट कोर्ट, सगळं आहे. तेजल मध्येच भांडी लावायला उठली. उद्यापासून रोज आरशासमोर प्रॅक्टिस.

६ नोव्हेंबर
कुमुदिनी जिंकली. एकसष्ट टक्के. मी जळत वगैरे नाही. पण पोटात दुखतंय, ते दुखतंयच. एकाच बाकावर बसायचो आम्ही. नोट्सही एकच वापरायचो. तिच्या. आता मला निदान सत्तर टक्के हवेत.
आरशासमोरची प्रॅक्टिस राहून गेली. गरज नाही.

१० नोव्हेंबर, दुपार
झुइडओस्टच्या हॉलमध्ये फराळ, मग सभा. आधी गुरुनाथ. चार ओळी वाचल्या, टाळ्या थांबेनात. विलासरावांनी डोळे पुसले. त्या लिहिल्या कुणी, हे लक्षात घ्यायला हवं. मग मी. रोमन कायद्यावर आलो तोच मैत्रीने घंटा वाजवली, पोरं भुकेली आहेत म्हणाली.
चिठ्ठी भरताना थबकलो. गुरुनाथला शून्य मतं पडली तर? त्याला उभा मीच केला. माझं मत त्यालाच दिलं. असं मन कुमुदिनीकडे आहे का?

१० नोव्हेंबर, संध्याकाळ
गुरुनाथ सेहेचाळीस. मी एक.
येताना ट्राममध्ये तेजलला म्हटलं, कुणी नाही तरी तू होतीस. ती म्हणाली, मी गुरुनाथभाऊंना दिलं. तू निवडून आला असतास तर सगळी भांडणं आपल्या घरच्या हॉलमध्ये येऊन बसली असती.
ग्रुपवर कुमुदिनी विचारतेय, निकाल काय. लिहिलं, मोजणी चालू आहे.
पण मग ते एक मत कुणाचं? कुठेतरी एक तरी जाणता माणूस आहे. शोधून काढणार.

११ नोव्हेंबर
सापडला. सकाळी गुरुनाथचा फोन. ओशाळून बोलत होता. म्हणाला, सर, माफ करा, असं होईल असं वाटलं नव्हतं. मी तर माझं मत तुम्हालाच दिलं होतं.