सत्तेचाळीस नंबरची काच

प्रिय बारक्या,

सोमवार दोन दिवसांवर आला. रेसकोर्सच्या समितीसमोर तू काय बोलणार, कोणता शर्ट घालणार, हे आईने मला सकाळपासून दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा मी पाणी प्यायला उठून गेले. जखमी घोडा जाणूनबुजून पळवलास असं त्यांनी ठरवलं, तर घोडे शर्यतीत उतरवायचा तुझा परवाना कायमचा जाणार. मग तू काय करशील, हे माझ्या डोक्यात येतच नाही. घोड्यांशिवाय तुला दुसरं काही येत नाही, रागावू नकोस, पण हे खरं आहे.

तुझा आजोबा शर्यतीत कोसळला त्या दिवसापासून तू एकच सांगतो आहेस. सकाळी पायावरून हात फिरवला होता, पाय गरम नव्हता, सूज नव्हती, चाल सरळ होती. चार वर्षांच्या घोड्याला आजोबा म्हणणारा तूच. का, तर तो गंभीर चेहरा करून खातो! त्याला कायमचं झोपवावं लागलं तेव्हा तू जेवढा रडलास, तेवढा बाबा गेले तेव्हाही रडला नव्हतास. पण समितीच्या हातात तपासणीचा अहवाल आहे आणि तो म्हणतो की पुढच्या पायाची कंडरा, तुमच्या तबेल्यातलं टेंडन, आधीपासूनच खराब होती. तो अहवाल लिहिणाऱ्याचा तू फोनवर रोज उद्धार करतोस. परवा म्हणालास, त्याला डोळे आहेत की शर्टाची बटणं? मी विषय बदलला.

मी प्रयोगशाळेत दिवसभर काय बघत असते, हे तू आजवर कधी धड विचारलं नाहीस. आज ऐकावं लागेल. कंडरा वरून नुसती पांढरी दोरी दिसते. आत बारीक तंतूंचे जुडगे, त्या जुडग्यांचे आणखी मोठे जुडगे, आणि प्रत्येकाभोवती पातळ मऊ वेष्टन, म्हणजे पाय वाकताना ते एकमेकांवरून अलगद घसरतात. गंमत म्हणजे तंतू सरळ नसतात, नागमोडी असतात. पातळ काप काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली खास प्रकाशात पाहिलं की एक पट्टा उजळ, एक काळा, अशा लाटा दिसतात. भरधाव घोड्याचा पाय जमिनीवर पडला की आधी या लाटा सरळ होतात, पडदा ओढल्यावर चुण्या जाव्यात तशा, आणि मगच तंतूंवर खरा ताण येतो. पाय उचलला की लाटा परत जागेवर. तंतूंच्या मधे सडपातळ पेशी ओळीत बसलेल्या असतात. जुनी दुखापत असेल तर लाटा विस्कटतात, नाहीशा होतात आणि पेशी गोल, फुगीर होऊन गर्दी करतात. हे मी नव्या मुलींना दरवर्षी शिकवते.

आमच्याकडे येणाऱ्या नमुन्यावर नाव नसतं, फक्त नंबर. तीन आठवड्यांपूर्वी तू समितीच्या नोटिशीचा फोटो पाठवलास. त्यात खाली बारीक अक्षरात नमुना क्रमांक सत्तेचाळीस होता. बारक्या, सत्तेचाळीस मी तपासला होता. ती बटणं माझी.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सुनावणीआधी अहवाल कुणाचा ते उघड करायचं नाही असा नियम आहे, त्याच्या आड मी लपले. खरं कारण त्याहून वाईट आहे. मला वाटत होतं, अहवाल बरोबर आहे आणि तू खोटं बोलतो आहेस. लहानपणी फुलदाणी फोडून मांजरावर ढकलणारा तू, घोड्याच्या बाबतीतही तेच करत असशील असं मी धरून चालले. मी काचेवर विश्वास ठेवला आणि तुझ्यावर नाही. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते आहे.

बुधवारी विद्यार्थ्यांसाठी एका धडधाकट घोड्याची कंडरा आली. ताजा तुकडा औषधात टाकला की आक्रसून वाकडा होतो, म्हणून तो आधी टाचण्यांनी पट्टीवर बसवतात, पण सैल. मला वाकडं काही बघवत नाही, तुझा भांगसुद्धा. एरवी टाचायचं काम मदतनीस करतो; या वेळी मी स्वतः तो, सत्तेचाळीस टाचला होता तसाच, ताणून, अगदी पट्टीसारखा सरळ टाचला. काच तयार झाल्यावर पाहिलं तर एकही लाट नाही. ठणठणीत जनावर, आणि लाटा गायब! सत्तेचाळीसची काच काढून परत पाहिली. लाटा नव्हत्या, पण पेशी सडपातळ होत्या, ओळीत होत्या. जुन्या दुखापतीची एकही खूण नव्हती, आणि पहिल्या वेळी मी पेशींकडे नीट पाहिलंच नव्हतं. सत्तेचाळीसच्याच बरणीत उरलेला, न टाचलेला तुकडा कापला. त्यात लाटा होत्या, सुरेख, एकसारख्या. आजोबाचा पाय त्या सकाळी चांगला होता. तू खरं बोलत होतास.

काल मी आमच्या प्रमुखांना सगळं सांगितलं. अहवाल मागे घेतला. ते म्हणाले, तुम्ही त्याच्या सख्ख्या बहीण, हे समितीला कळलं की तुमच्या या कबुलीला कोण विचारणार? भावासाठी फिरली, असंच म्हणतील. त्यांचं चुकलं नाही. म्हणून उरलेला तुकडा त्यांनी स्वतः मोहर लावून दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवला, पण तिथला निकाल सोमवारपर्यंत येईल याची खात्री कुणी देत नाही.

फोन न करता हे लिहिलं ते याचसाठी. तुझे भावजी उद्या सकाळी पत्र हातात देतील. आजपर्यंत तुला यातलं काही माहीत नव्हतं, आपण दोघांनी मिळून काही शिजवलेलं नाही, हे दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. सोमवारी हे समितीसमोर मोठ्याने वाच, पहिल्या ओळीपासून. मी खोलीत असेन. माझी नोकरी जाईल म्हणून मधली पानं गाळू नकोस, आणि मी तुझ्यावर विश्वास ठेवला नाही ते वाचताना आवाज खाली आणू नकोस. त्यांना तिथे माझा भाऊ दिसता कामा नये, माझ्यावर चिडलेला माणूस दिसला पाहिजे. तेवढा तर तू चिडशीलच.

तुझीच, माफी न मागता येणारी,
ताई