जिवंतपणी घेतलेलं माप

२ फेब्रुवारी

अणदूरला पोचले. दारात सासूबाई उभ्याच होत्या. इरम्मा त्यांचं नाव, मी अव्वा म्हणते. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती. म्हणाल्या, महेश्वरी, लातूरचं पाणी पिऊन काडी झालीस, आता मुकाट्यानं खा. खाल्ली. बऱ्याच दिवसांनी पोट भरलं.

माझ्या नवऱ्याचं, शांतलिंगचं, ऑफिस पुढच्या खोलीत आहे. दिवाळीनंतर तो वारला तेव्हापासून कुलूप होतं. आज झाडलं, पुसलं, खिडक्या उघडल्या. टेबलावर छान ऊन येतं. तो ड्राफ्ट्समन, मीही ड्राफ्ट्समन. नोकऱ्यांमुळे तो इथं आणि मी लातूरला, अशीच वर्षं गेली. आता लातूरची नोकरी सोडली आहे. त्याचं काम बंद पडू द्यायचं नाही, एवढंच ठरवलं आहे.

५ फेब्रुवारी

त्याचा जुना कॉम्प्युटर चालू होत नाही. त्याच्या डिस्कवरून नकाशे मिळाले, पण ते सगळे वीसेक वर्षांपूर्वीच्या प्रोग्रॅममधले. माझ्या नव्या प्रोग्रॅममध्ये उघडले की रेघा तुटतात आणि अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात.

नळदुर्गहून कॉम्प्युटर दुरुस्त करणारा अमरनाथ आला. म्हणाला, ताई, नवी सिस्टीम ह्याला उभं करून घ्यायची न्हाय, आजोबाला जीन्स घातल्यासारखं होईल. शेवटी त्यानं माझ्या लॅपटॉपच्या आतच जुन्या सिस्टीमचा एक वेगळा कॉम्प्युटर तयार केला आणि त्यात तो प्रोग्रॅम टाकला. काळा पडदा उघडला. शांतलिंगनं लावलेले मेनू, त्याची ती पिवळी रेघ. मी जरा वेळ बघत बसले. अमरनाथ चहा घ्यायला बाहेर गेला.

९ फेब्रुवारी

शांतलिंगच्या प्रोग्रॅममध्ये माणिकप्पांच्या घराचा अर्धवट राहिलेला नकाशा पुरा करते आहे. ते इथल्या स्मशानात खड्डे खोदतात. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवून माती देतात. खड्डा नऊ पावलं लांब, पाच पावलं रुंद, आणि ती पावलं गेलेल्या माणसाची. सुतळीनं पायाचं माप घ्यायचं, ते कॉम्प्युटरवर मांडायचं आणि माणिकप्पांना फूट-इंचात काढून द्यायचं, हे शांतलिंगचं काम. कुणाकडून कधी काही घेतलं नाही त्यानं.

नकाशाच्या कोपऱ्यात तसाच एक खड्डा काढलेला दिसला. बसवायचा कोनाडासुद्धा होता. त्याचंच जुनं काही राहिलं असेल. बंद करताना प्रोग्रॅमनं विचारलं, बदल जतन करायचे का? हो म्हटलं.

११ फेब्रुवारी

शेजारच्या सिद्धम्मा गेल्या. काल गच्चीवर पापड वाळवत होत्या.

माणिकप्पा सुतळी घेऊन आले. म्हणाले, वैनी, आता हे काम तुमच्याकडं. माप मांडायला घेतलं. नकाशाच्या कोपऱ्यातला खड्डा ह्याच मापाचा होता. सुताचाही फरक नाही. माणिकप्पांना दाखवला. ते हसले. म्हणाले, कॉम्प्युटर लई शहाणा झाला की, माझंबी काढून ठिवा, हातपाय चालत्यात तवर खोदून टाकतो.

मला हसू आलं नाही.

१५ फेब्रुवारी

आज दुसरा खड्डा. मोठ्या पावलाचा. मी काढलेला नाही. मी पुसला. पाणी भरायला उठले, तेवढ्यात लॅपटॉपनं स्वतःच अपडेट घेतलं आणि बंद होऊन पुन्हा सुरू झाला. उघडून बघते, तर खड्डा जागेवर. जतन झालेला.

१६ फेब्रुवारी

माणिकप्पा गेले. सकाळी शेतात बांधावर बसले ते उठलेच नाहीत. त्यांचा भाऊ सुतळी घेऊन आला. मी मापणार नव्हते. मापलं. कालच्या खड्ड्याचंच माप.

खड्डा जेसीबीनं खोदला.

प्रोग्रॅम काढून टाकला आहे. अमरनाथला फोन केला. म्हणाला, मशीनला माणसाचं काय कळतं, ताई, तुम्ही जरा झोप काढा.

१९ फेब्रुवारी

प्रोग्रॅम परत आला आहे. नकाशाही आपोआप उघडला. तिसरा खड्डा — लहान पावलाचा.

अव्वा उन्हात पायांना तेल लावत बसल्या होत्या. चप्पल करून आणते म्हणून त्यांच्या पायाचं माप घेतलं. म्हणाल्या, या वयात मला कुठं मिरवायचंय गं.

जुळलं.

दुपारपासून अव्वांना ताप आहे.

२० फेब्रुवारी

पडद्यावर चौकट आली आहे. बदल जतन करायचे का? मी 'नाही' दाबलं. अव्वांचा ताप उतरला, पेज मागितली. पेज शिजेपर्यंत चौकट पुन्हा — आणि ताप पुन्हा.

विहिरीत टाकावा म्हणून लॅपटॉपचं झाकण लावलं. तिकडं अव्वांना धाप लागली. उघडलं. वायर काढली, बॅटरी काढली. पडदा चालूच.

डॉक्टर येऊन गेले. त्यांना काही सापडत नाही.

अव्वांना शांतलिंग कसा गेला ते विचारलं. मी आजवर विचारलं नव्हतं. म्हणाल्या, शेवटच्या दिवशी जेवायलाबी उठला न्हाय, एकच बटण दाबत होता. मी म्हटलं, मोडशील ते. तर म्हणाला, महेश्वरीसाठी बसलोय, अव्वा, बोलू नको. मग टेबलावरच डोकं टेकलं.

त्या आठवड्यात मी लातूरला तापानं पडले होते. एका दुपारी एकदम बरी झाले. त्याच दुपारी तो गेल्याचा फोन आला.

मला वाटत होतं, ह्या पडद्यात तो थोडाफार उरला असेल. नाही. हा तो नाही. त्यानं माणूस गेल्यावर माप घेतलं. जिवंत माणसाचं कधीच नाही. तू कोण आहेस मला माहीत नाही, पण हे काम उलटं चालणार नाही. माझ्या हातानं तर नाहीच.

२१ फेब्रुवारी

लॅपटॉप अव्वांच्या खाटेजवळ आणला आहे. डाव्या हातानं लिहिते. उजवा बटणावर.

चौकट येते. नाही. जाते. येते. नाही.

अव्वा पाणी मागतात. पाजलं. तेवढ्यात — दाबलं, वेळेवर दाबलं.

तो एकटा बसला होता. मी अव्वांना सांगून बसले आहे. त्या म्हणतात, ऊठ, माझं वय झालंय, जाऊ दे मला. मी म्हटलं, वय तुमचं, बोट माझं. हसल्या. ताप आहे तरी हसल्या.

चौकट बदलली. आता खड्डा मोठा होतो आहे. कोनाडाही. पाऊल — माझं. माझंच.

अव्वांना घाम फुटला. कपाळ गार. उठून बसल्या आहेत, भूक लागली म्हणतात.

बरं. म्हणजे असं आहे तर. तेव्हा माझ्या जागी तो, आता अव्वांच्या जागी मी.

मलाही विचार. कितीही वेळा विचार. माझं उत्तर तेच आहे. नाही. नाही. हात जड — नाही. अव्वांनी माझं बोट धरलं आहे, त्या दाबतात माझ्याबरोबर, ना